घंटेच्या हाकेतली गावं

फिलिपिन्समध्ये स्पेनने पाय रोवले १५६५ साली. मनिलाचा पहिला बिशप १५८१ मध्ये बंदरात उतरला. आणि मूळ फिलिपिनो माणूस बिशप झाला तो १९०६ साली, स्पेनचा झेंडा उतरून आठ वर्षं झाल्यावर. मनिलात जन्मलेले पण स्पॅनिश वंशाचे काही बिशप मधल्या काळात होऊन गेले, ते वेगळे. दक्षिणेतला मुसलमानी मुलूख आणि उत्तरेचे डोंगर सोडले तर सगळी बेटं पिढ्यान् पिढ्या घंटेच्या ठोक्यावर गुडघे टेकत होती. तरी त्यातला एकही जण सव्वातीनशे वर्षांत बिशपच्या आसनावर बसण्याजोगा ठरला नाही.

मी वसईची, कॅथलिक. लाल लुगडं नेसून पहाटेच्या मिस्साला निघालेली आजी मी पाहिली आहे. आमच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा संन्याशांच्या चारही संघांच्या चर्चच्या खुणा आहेत, आणि छप्पर उडालेल्या त्या भिंतींमध्ये आम्ही पोरं लपाछपी खेळायचो. म्हणून कामानिमित्त मनिलात राहायची वेळ आली तेव्हा तिथल्या चर्चच्या दारांवर हीच नावं वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं. मग मी त्या चर्चचा इतिहास वाचायला घेतला आणि घरी आल्याची ती भावना जरा अवघड झाली. माझ्या श्रद्धेवर त्याने ओरखडा उठला असं नाही. पण ज्या माणसांच्या हातून ही श्रद्धा आशियात पोचली, त्यांच्याबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायला मला शिकावं लागलं.

वसई आणि मनिला यांच्यात एक जुना धागाही आहे. गोन्सालो गार्सिया वसईचा. जन्म १५५६ च्या सुमारास, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या जेझुइटांकडे तो शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा सफाईने बोलू लागला आणि धर्मशिक्षकाचं काम करू लागला. त्याला येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, रीतसर प्रवेश हवा होता. हिंदुस्थानात जन्मलेल्यांना, मिश्र रक्ताच्या मुलांनासुद्धा, संघात घ्यायला पूर्वेकडचे वरिष्ठ वालिन्यानो नाखूष असत. गोन्सालोला तो प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात चांगला जम बसवला, आणि शेवटी सगळं सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कनांचं दार ठोठावलं. तिथे त्याला घेतलं, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरचा दूत होऊन फ्रान्सिस्कन पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेला तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर होता तो हा वसईकर. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात हे दोघेही होते. १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं.

आमच्याकडे त्याचा सण होतो, गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेज आहे. प्रवचनांतून त्याचं मरण सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. मला मात्र त्याच्या आयुष्यातलं ते ताटकळणं जास्त लागतं. देवाची हाक ऐकू आलेला माणूस दारात उभा आणि आतला म्हणतोय, अजून नाही. फिलिपिन्सच्या चर्चची सुरुवातीची तीन शतकं वाचताना मला तोच उंबरठा पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

पण आधी त्या संन्याशांचं मोठेपण सांगायला हवं, कारण ते खरं आहे आणि हल्ली ते सांगायला लोक कचरतात.

१५६५ मध्ये स्पेनसाठी ही बेटं घ्यायला आलेल्या लेगाझ्पीच्या ताफ्याबरोबर पाच ऑगस्टिनियन आले होते. त्यांच्यातला आंद्रेस दे उर्दानेता हा मुरलेला दर्यावर्दी, संन्यास त्याने मागाहून घेतलेला. मेक्सिकोहून पॅसिफिक ओलांडून पश्चिमेकडे येणं जमत होतं, परतीची भरवशाची वाट मात्र कोणाच्या हाती लागली नव्हती. १ जून १५६५ ला उर्दानेता सेबूहून निघाला, जपानच्या अक्षांशापर्यंत उत्तरेला चढला, तिथे पश्चिमेचा वारा पकडला आणि ८ ऑक्टोबरला अकापुल्कोला लागला. पुढची अडीचशे वर्षं मनिलाची गॅलियन जहाजं याच वाटेने जात राहिली. वसाहत तगली ती या वाटेवर.

त्याचा सोबती मार्तिन दे रादा. १५७४ मध्ये त्याने लेखी मत दिलं की या बेटांवरच्या स्वाऱ्या अन्यायाच्या आहेत आणि शिपाई उकळतात तो कर जुलमी आहे. वसाहत उणीपुरी नऊ वर्षांची, गव्हर्नर डोक्यावर, पोटाला भात मिळतो तोही त्याच शिपायांच्या वसुलीतून, आणि हा माणूस हे कागदावर लिहून सही करतो. रादाच्या त्या कागदाबद्दल मला मनापासून आदर आहे.

मग आला पहिला बिशप, दोमिंगो दे सालाझार. डॉमिनिकन, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची बाजू मांडणाऱ्या लास कासासच्या विचारांत मुरलेला, मेक्सिकोत हाडं झिजवलेला. आल्याआल्या १५८२ मध्ये त्याने मनिलात धर्मसभा भरवली. संन्यासी होतेच, त्याने कायदेपंडितांना आणि कप्तानांनाही बोलावून प्रश्न विचारले: हा मुलूख आपण कोणत्या हक्काने घेतला? कर कोणत्या हक्काने घेतो? सभेने ठरवलं की राजाचा इथला अधिकार सुवार्ता सांगण्यापुरता आहे आणि त्यातूनच तो निघतो. गुलाम सोडले पाहिजेत. ज्यांनी अन्यायाने कर घेतला त्यांनी तो परत केला पाहिजे. हे अंमलात आणायला सालाझारकडे ना फौज होती ना न्यायालय. त्याच्याकडे होतं पापनिवेदन. गावं तोडून मिळालेल्या स्पॅनिश अंमलदारांना, म्हणजे एन्कोमेंदेरोंना, पापमुक्ती देताना धर्मगुरूंनी आधी परतफेडीचं विचारायचं, असा नियम झाला. ज्या काळात मरणापूर्वी पापमुक्ती न मिळण्याची धास्ती भल्याभल्यांची झोप उडवत असे, त्या काळात हे हत्यार लहान नव्हतं. माझ्या चर्चचा मला सर्वांत जास्त अभिमान कुठे वाटतो असं कोणी विचारलं, तर मी मनिलाच्या त्या सभेचं नाव घेईन. पुढे गव्हर्नरशी भांडून भांडून थकलेला सालाझार, ऐंशीच्या घरातला म्हातारा, १५९१ मध्ये जहाजात बसून स्पेनला गेला, राजापुढे गाऱ्हाणं मांडायला. १५९४ मध्ये तो तिकडेच वारला.

याच सालाझारने एके काळी चीनमध्ये फौज घेऊन शिरायच्या बेतालाही होकार भरला होता, आणि नंतर मत बदललं होतं. माणसं अशीच असतात, सलग नसतात.

१५७८ मध्ये फ्रान्सिस्कन आले, १५८१ मध्ये जेझुइट, १५८७ मध्ये डॉमिनिकन, १६०६ मध्ये ऑगस्टिनियनांचीच कडक व्रताची शाखा, म्हणजे रेकोलेतो. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून १५९४ मध्ये राजाने बेटं वाटून दिली. इलोकोस आणि पांपांगा ऑगस्टिनियनांकडे, बिकोल फ्रान्सिस्कनांकडे, पांगासिनान आणि कागायान डॉमिनिकनांकडे, बिसाया बेटं ऑगस्टिनियन आणि जेझुइट यांच्यात. यामुळे एकेका संघाला दोनतीन भाषांवरच जोर देता आला आणि त्या भाषांची व्याकरणं, शब्दकोश झपाट्याने तयार झाले. १५९३ मध्ये मनिलात लाकडी ठशांवरून छापलेली धर्मशिक्षणाची पोथी निघाली. स्पॅनिश आणि तागालोग अशा दोन भाषांत, आणि तागालोग मजकूर रोमन लिपीबरोबर तिथल्या जुन्या बायबायिन लिपीतही. गोव्यात फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापून झालं १६१६ मध्ये. त्याच दशकात, १६१० साली, तोमास पिनपिन या तागालोग मुद्रकाने आपल्या माणसांना स्पॅनिश शिकवणारं पुस्तक आपल्याच भाषेत लिहून छापलं. संन्याशांची पुस्तकं लोकांची भाषा शिकण्यासाठी होती. पिनपिन आपल्या लोकांना सांगत होता की आता त्यांची भाषा आपणही शिकू या. या पुस्तकाबद्दल वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला.

संन्यासी आले तेव्हा लोक नदीकाठी, खाडीकाठी, पाचपन्नास घरांच्या वाड्यांत विखुरलेले होते. एवढ्यांना धर्म शिकवायचा कसा? मेक्सिको आणि पेरूत वापरलेला उपाय इथेही आला. वाड्या उठवून एका जागी गाव वसवायचं. मधे चौक, चौकावर चर्च, चर्चला लागून धर्मगुरूचं घर, आणि सरळ रेषेत गल्ल्या. घंटा ऐकू जाईल एवढ्या टापूत सगळ्यांनी राहायचं. फ्रान्सिस्कन हुआन दे प्लासेन्सियाने अशी कितीतरी गावं वसवली. आजही लुझोनमधल्या कुठल्याही जुन्या गावात गेलं तर हाच चौक दिसतो.

कागदावर हे सोपं वाटतं. पण भातशेती वाडीजवळ, मासेमारी खाडीत, आजोबांची कबर तिथेच, आणि तुम्ही म्हणता चौकात राहायला या. बरेच जण आलेच नाहीत. काही रविवारपुरते यायचे, मिस्सा झाली की परत शेतावर. काही डोंगरात निघून गेले. शेवटी संन्याशांनीच माघार घेतली आणि दूरच्या वाड्यांवर छोटी प्रार्थनाघरं बांधली, तिथे धर्मगुरू अधूनमधून होडीने, पायी जाऊन यायचा. पुस्तकातला आराखडा आणि चिखलातली वाट यांचा असा समझोता झाला. मला हा भाग लोभस वाटतो, कारण यात पहिल्यांदाच लोकांचं म्हणणं चर्चला ऐकावं लागलं.

गावांमध्ये आणखी एक गोष्ट घडली. स्पॅनिश माणसं मनिलात गॅलियनच्या व्यापारावर बसलेली. रेशीम येतंय, चांदी येतेय, गावात जाऊन राहायचं कोणाला? शिवाय मूळ रहिवाशांच्या गावात इतर स्पॅनिशांनी राहू नये असा राजाचा कायदाच होता. परिणाम असा की बहुतेक गावांत एकच स्पॅनिश माणूस असायचा, तो म्हणजे धर्मगुरू. बाप्तिस्म्याची वही त्याच्याकडे, म्हणून करदात्यांची यादी त्याच्या सहीची. शाळा त्याच्या देखरेखीखाली. गावच्या कारभाऱ्याची निवड त्याच्यासमोर. पूल, रस्ता, बांध कुठे घालायचा तेही तोच सांगणार. राज्य म्हणजे काय, हे गावकऱ्याला झग्यातल्या माणसाकडे पाहून कळायचं. पहिल्या पिढीत याच माणसाने करवसुली करणाऱ्यापासून त्याला वाचवलं होतं. तिसऱ्याचौथ्या पिढीत त्याच्यापासून वाचवणारं गावात कोणी उरलं नाही.

आणि जुन्या धर्माचं काय झालं, ते गाळून पुढे जाता येत नाही. बिसाया बेटांवर देवांशी, पितरांशी बोलणाऱ्या बहुतेक बायका असत, बाबायलान म्हणत त्यांना. आजारपण, पेरणी, बाळंतपण, मरण, सगळीकडे त्यांचा शब्द चाले. संन्याशांनी लाकडी मूर्ती जाळल्या आणि या बायकांना सैतानाच्या दासी ठरवलं. त्यांचं स्थान गेलं, विद्या गेली, आणि त्यांच्या जागी दुसरं कुठलंही स्थान त्यांना मिळालं नाही, कारण नव्या धर्मात वेदीवर उभं राहायला बाईला जागाच नव्हती. १६२१ मध्ये बोहोल बेटावर तांब्लोट या जुन्या धर्माच्या पुजाऱ्याने उठाव केला आणि तो मोडला गेला. पुढच्या वर्षी लेतेमध्ये बांकाव उठला. हा बांकाव तरुणपणी लेगाझ्पीचं स्वागत करणारा, बाप्तिस्मा घेतलेला सरदार. म्हातारपणी तो जुन्या देवांकडे परतला आणि लढता लढता मेला. त्याचं मन का फिरलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उपऱ्याला घरात घेतलं आणि मग आपल्यालाच घरात परवानगी मागावी लागली, असं काहीतरी त्याला वाटलं असेल.

तरीही लोकांनी नवा धर्म नुसता सोसला नाही. तो त्यांनी हाताने घडवला. इलोइलो प्रांतात मियागाओ नावाचं गाव आहे, तिथलं चर्च ऑगस्टिनियनांच्या काळातलं, १७९७ मध्ये पुरं झालेलं. पिवळसर दगड, दोन्ही बाजूंना किल्ल्याच्या बुरजासारखे जाड मनोरे, कारण मोरो, म्हणजे दक्षिणेतल्या मुसलमान, चाच्यांच्या धाडी पडत. दर्शनी भिंतीच्या वरच्या त्रिकोणात संत ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतोय. युरोपातल्या चित्रांत त्याच्या हातात काठी असते. इथे त्याने चक्क एक नारळाचं झाड धरलं आहे, सोटासारखं उभं, वर झावळ्यांचा घोस. कपडे त्याने खोचून वर घेतले आहेत, चिखलणीला उतरलेला शेतकरी घेतो तसे. भोवती पपईची झाडं, पेरूची झाडं, फळांनी लगडलेली. कोरणाऱ्या गवंड्याने युरोप पाहिलेला नव्हता. त्याला नदी ओलांडणारा माणूस माहीत होता, आणि त्याने तो कोरला. आमच्या वसईच्या वाड्यांमधून आलेल्या माणसाला ती भिंत ओळखीची वाटते. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते आणि मनात एकच विचार होता की हे चर्च याचं आहे. ज्याने तो नारळ कोरला त्याचं.

बांधकामाचे हात बहुतेक वेळा सक्तीचे असत, हेही तितकंच खरं. पुरुषांना वर्षाकाठी चाळीस दिवस वेठ द्यावी लागे, तिच्यातून जहाजं बांधली जात, आणि चर्चही. मजुरी ठरलेली असली तरी ती हातात पडेलच असं नसे.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, आणि मुख्यतः पवित्र आठवड्यात, फिलिपिन्समधल्या घराघरांत पासयोन गातात. प्रभूच्या दुःखसहनाची तागालोग ओव्यांसारखी कथा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गास्पार आकिनो दे बेलेन या तागालोग कवीने रचलेली, पुढे तिच्या आणखी आवृत्त्या झाल्या. आळीपाळीने गाणारे बसतात, रात्रंदिवस खंड पडू देत नाहीत, मधे चहा, भात, गप्पा. आपल्याकडच्या अखंड पारायणात बसलेल्या माणसाला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. धर्मगुरूची तिथे गरजच नसते. लोक आपले आपण ख्रिस्ताची कथा गातात, आणि त्या कथेत गरीब माणूस मोठ्या लोकांपुढे न्यायाला उभा असतो. ही कथा वर्षानुवर्षं गाणाऱ्यांच्या मनात काय रुजलं असेल, ते पुढे दिसलं.

आता तो उंबरठा. संन्यासी संघांकडे गावं दिली होती ती तात्पुरती, निदान चर्चच्या नियमानुसार. मिशनरी संन्याशाने नवा मुलूख नांगरायचा, लोक श्रद्धेत स्थिर झाले की धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा टापू, स्थानिक बिशपच्या हाताखालच्या धर्मगुरूंकडे सोपवायचा आणि आपण पुढच्या मुलुखात जायचं. १५२२ च्या पोपच्या फर्मानाने जिथे बिशप नाहीत तिथे संन्याशांना जादा अधिकार दिले होते, आणि पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितलं की धर्मग्राम सांभाळणारा बिशपच्या तपासणीखाली असला पाहिजे. फिलिपिन्समध्ये बिशप आले, शतक लोटलं, दुसरं लोटलं, पण संन्यासी हलले नाहीत. बिशप तपासणीला येतो म्हणाला की संघाचे वरिष्ठ म्हणत, मग आम्ही सगळी गावं एकदम सोडतो, बघा तुमची माणसं. माणसं नव्हतीच. माणसं का नव्हती? कारण घडवलीच नव्हती. १६११ मध्ये डॉमिनिकनांनी सांतो तोमास विद्यापीठ काढलं, आशियातल्या जुन्यात जुन्या विद्यापीठांपैकी ते एक. पण मूळ फिलिपिनो माणसाला धर्मगुरूची दीक्षा मिळायला १६९८ उजाडलं. पांपांगाचा फ्रान्सिस्को बालुयोत हा त्यातला पहिला मानला जातो. सेबूत पाय ठेवल्यापासून १३३ वर्षांनी.

नाकारण्याची कारणं लेखी आहेत. १७२० मध्ये गास्पार दे सान आगुस्तिन या ऑगस्टिनियनाने लांबलचक पत्र लिहिलं, त्यात या लोकांचे आळस, लबाडी, कृतघ्नता असे दोष मोजले आणि यांच्या हाती वेदी दिली तर काय अनर्थ होईल ते रंगवलं. तीसेक वर्षांनी हुआन देल्गादो या जेझुइटाने त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. दोघेही त्याच देशात आयुष्य काढलेले, दोघेही स्पॅनिश. म्हणजे त्या काळात दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं, असं म्हणता येत नाही. देल्गादोला दिसत होतं.

मग एक उतावळा प्रयोग झाला. १७६७ मध्ये आलेल्या आर्चबिशप सान्चो दे सांता हुस्ता यांनी संन्याशांना तपासणीखाली आणायचा चंग बांधला. पुढच्याच वर्षी जेझुइटांना राजाज्ञेने देशाबाहेर काढलं गेलं आणि त्यांची गावं रिकामी झाली. ती भरायला आर्चबिशपने धडाधड दीक्षा दिल्या. शिक्षण धड नाही, तयारी नाही. मनिलात लोक म्हणू लागले की पासिग नदीवर वल्हं मारायला माणूस मिळत नाही, सगळ्यांना आर्चबिशपने फादर करून टाकलंय. या अपुऱ्या मुलांची फजिती झाली आणि तिचा दाखला पुढे शंभर वर्षं दिला गेला: बघा, सांगत नव्हतो? १७७४ मध्ये धर्मग्राम स्थानिकांकडे द्यायचा हुकूम निघाला, दोन वर्षांत तो थांबवला गेला. १८२६ मध्ये राजाने दिलेली गावंही परत संन्याशांकडे वळवली. दोनशे वर्षं ज्याला शिकवलं नाही त्याची दोन वर्षांत परीक्षा घेतली आणि तो नापास झाला म्हणून दार पुन्हा लावून घेतलं. हे वाचताना मला आजही राग येतो.

तायाबासचा आपोलिनारियो दे ला क्रुझ, लोक त्याला हेर्मानो पुले म्हणत, संघात जाऊ इच्छित होता. इंदिओ, म्हणजे मूळ रहिवासी, म्हणून घेतलं नाही. मनिलाच्या एका हॉस्पिटलात तो साधा सेवक राहिला आणि १८३२ मध्ये त्याने संत योसेफाच्या नावाने बंधुमंडळ काढलं. हजारो गरीब शेतकरी त्यात आले. त्याने उलट नियम केला: आपल्या परवानगीशिवाय इथे स्पॅनिश किंवा मिश्र रक्ताचा माणूस नको. चर्चने मान्यता नाकारली, सरकारने फौज पाठवली, आणि नोव्हेंबर १८४१ मध्ये तरुण पुलेला ठार करून त्याचं मुंडकं लोकांना दाखवायला ठेवलं. गोन्सालोला निदान दुसरं दार सापडलं होतं.

१८५९ मध्ये जेझुइट परत आले आणि त्यांना मिंदानाओतली ठाणी मिळाली. ती आधी रेकोलेतोंकडे होती, म्हणून भरपाईदाखल १८६१ च्या हुकुमाने त्यांना मनिलाजवळची, कावितेची सधन धर्मग्रामं मिळाली, जी तोपर्यंत स्थानिक धर्मगुरू चालवत होते. फादर पेद्रो पेलाएझ यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १८६३ च्या भूकंपात मनिला कॅथीड्रल कोसळलं त्यात ते गेले. त्यांचा शिष्य होझे बुर्गोस याने लेखणी उचलली. १८७२ च्या जानेवारीत कावितेच्या शस्त्रागारात शिपायांचं बंड झालं, आणि त्याचा ठपका ठेवून १७ फेब्रुवारीला मारियानो गोमेझ, होझे बुर्गोस आणि हासिंतो झामोरा या तीन धर्मगुरूंना मनिलात जाहीरपणे गळा आवळून मारलं. आर्चबिशपला सांगितलं होतं की आधी यांचं धर्मगुरुपद काढून घ्या. स्पॅनिश असूनही त्याने नकार दिला, आणि ते तिघं झग्यातच मेले. पुढे फिलिपिन्सचा राष्ट्रनायक ठरलेला लेखक होझे रिझाल तेव्हा अकरा वर्षांचाही नव्हता. थोरला भाऊ बुर्गोसच्या जवळचा, त्यामुळे घरात हे दुःख थेट पोचलं. त्याने आपली दुसरी कादंबरी या तिघांना अर्पण केली. त्याचं कुटुंब कालांबात डॉमिनिकनांच्या जमिनीवर खंडाने राही, आणि खंडाच्या तंट्यात तिथून हुसकावलं गेलं. रिझालला १८९६ मध्ये गोळ्या घातल्या त्या या तिघांना मारलं त्याच मैदानात. एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याची मागणी अशी धर्मग्राम कोणी सांभाळायचा या भांडणातून वर आली.

गोव्यात चित्र सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मद्रोह शोधणारं न्यायालय, बसलं होतं आणि मोठे संघ देशी माणसाला सहसा आत घेत नसत. पण दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो रोमला जाऊन पोचला आणि १६३७ मध्ये बिशप झाला. पोर्तुगीजांनी त्याचा छळ केला, पण बिशप तो झाला. देशी धर्मगुरू मोठ्या संख्येने तयार झाले. म्हणून १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, चारी संघांचे संन्यासी निघून गेले, तरी आमच्या पूर्वजांना बाप्तिस्मा द्यायला, मातीवर दोन शब्द म्हणायला गोव्याकडचे धर्मगुरू होते. आज मी कॅथलिक आहे ती त्या साध्या, नाव न उरलेल्या फादरांमुळे. किल्ल्यातल्या भिंतींकडे बघताना मला पूर्वी त्या भव्य संघांची आठवण यायची. आता या माणसांची येते.

१८९८ मध्ये स्पेन हरला. क्रांतिकारकांनी शेकडो संन्याशांना कैद केलं. अमेरिकेने १९०३ मध्ये संघांच्या चार लाख एकरांहून जास्त जमिनी सुमारे ७२ लाख डॉलरना विकत घेतल्या. त्याआधी, ऑगस्ट १९०२ मध्ये, रोमशी नातं तोडून स्वतंत्र फिलिपिनो चर्चची घोषणा झाली, तिचा प्रमुख ग्रेगोरियो आगलिपाय हा कॅथलिक धर्मगुरूच होता. गावंच्या गावं, धर्मगुरूसकट, तिकडे गेली.

बिकोलमधलं लागोनोय त्यातलं एक. तिथला धर्मगुरू आगलिपायकडे गेला आणि चर्च, घर, दफनभूमी त्याच्याच ताब्यात राहिली. कॅथलिक चर्चने दावा लावला. गावाच्या बाजूने मांडलेला मुद्दा असा की ही इमारत आमच्या माणसांनी आपल्या श्रमाने उभारली, म्हणून ती गावची. दावा लावणारा होता होर्हे बार्लिन, बिकोलचाच सुपुत्र, २९ जून १९०६ ला रोममध्ये बिशप म्हणून अभिषेक झालेला पहिला फिलिपिनो. नोव्हेंबरमध्ये मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: श्रम कोणाचेही असोत, मालकी रोमन कॅथलिक चर्चची. त्या निकालाच्या आधाराने देशभरची चर्च परत गेली, आणि आगलिपायच्या लोकांना नव्याने, बऱ्याच ठिकाणी लाकूड आणि बांबूची, प्रार्थनाघरं उभारावी लागली.

कायद्याने निकाल बरोबर असेल. मी बार्लिनच्या चर्चची आहे, आणि तो रोमबरोबर राहिला याचं मला समाधानही आहे. पण लागोनोयच्या लोकांनी न्यायालयात जे म्हटलं ते मला खोडता येत नाही. दगड त्यांनी वाहिले, चुना त्यांनी मळला. चर्च आपलं आहे हे त्यांना शिकवायला तीनशे वर्षांत कोणी धजलं नव्हतं, ते त्यांचं ते शिकले होते.